विन्यो वेर्दे: मक्याच्या शेताच्या बांधावरून आलेली वाईन

पोर्तुगालच्या विन्यो वेर्देबद्दल लोक एवढंच बोलतात की हलकी आहे, जिभेवर जराशी चुणचुणते, उन्हाळ्यात बरी लागते. मला हे अपुरं वाटतं, कारण ही वाईन अशी का झाली ते बघायला गेलं की पाऊस, मका आणि जमिनीचे छोटे तुकडे असं सगळं एकमेकांत अडकलेलं निघतं.

हा मुलूख पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यातला, वर मिन्यो नदी आणि पलीकडे स्पेन. अटलांटिकवरून ढग थेट आत येतात, वर्षाला बऱ्याच ठिकाणी १५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. सोळाव्या शतकात अमेरिकेतून मका आला आणि ओलिताखालची चांगली सपाट जमीन हळूहळू त्याने घेतली. वाटण्या होऊन शेतं आधीच लहान, मग द्राक्षवेल गेला बांधावर. तिथे तो ओक नाहीतर चेस्टनटच्या झाडावर चढवायचे किंवा आपल्याकडे नाशिक-सांगलीला असतो तसा उंच मांडव घालायचे, खाली कोबी, बटाटा, घेवडा. उंचावर वारा लागतो म्हणून बुरशी जरा कमी, पण तोडणीला लांब शिड्या लावाव्या लागायच्या, आणि पानांच्या सावलीत द्राक्षं पूर्ण पिकायची नाहीत. साखर कमी म्हणजे अल्कोहोल कमी, आणि आंबटपणा भरपूर.

ती चुणचुण पण त्या आंबटपणातूनच आली. कच्च्या सफरचंदात असतं ते मॅलिक ॲसिड या द्राक्षांत खूप, वसंतात हवा गरम झाली की बॅक्टेरिया त्याचं सौम्य लॅक्टिक ॲसिड करायचे आणि त्यात सुटलेला कार्बन डायऑक्साइड वाईनमध्येच अडकायचा. आता बहुतेक स्वस्त बाटल्यांत हा गॅस भरताना वरून घालतात, काही लोक त्यावर नाक मुरडतात, मला तरी त्यात फसवणूक वाटत नाही, लोकांना जी चव सवयीची होती तीच टिकवलीय.

१९०८ मध्ये सरकारने या भागाची हद्द कायद्याने आखली. पण गंमत म्हणजे पांढऱ्या वाईनसाठी नाव असलेल्या या भागात गेल्या शतकात बराच काळ लाल वाईनच जास्त व्हायची, विन्यांव जातीच्या द्राक्षाची, गडद, तुरट, पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यातून प्यायची. १९३९ मध्ये पेनाफिएल गावच्या आवेलेडा या वाईन कंपनीने कझाल गार्सिया नावाची बाटली काढली आणि पांढरी बाहेरच्या देशांत पोचली. पुढे मांडव उतरवून कमी उंचीच्या तारांवर वेल आले, द्राक्षं नीट पिकायला लागली, आणि लौरेरो, अल्वारिन्यो ही द्राक्षांच्या जातींची नावं लेबलवर दिसू लागली.

जेवणाचं म्हणाल तर मला वाटतं जोडी त्या शेतातच ठरलेली होती. काल्दू वेर्द हे बटाट्याचं सूप, त्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पानं आणि शोरिसू सॉसेजची चकती, बाजूला मक्याचा जाड पाव. सार्डिन म्हणजे आपले तारले, जाड मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेले, त्यांचं तेल ही वाईन लगेच कापते. लसूण, कोथिंबीर आणि लिंबू घातलेल्या तिसऱ्यांबरोबर, म्हणजे शिंपल्यांबरोबर, तर प्रश्नच नाही. रोजोंयश म्हणजे वाईन आणि लसणात मुरवून तळलेलं डुकराचं मटण, आणि मुरवायची हीच पद्धत पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली, तिथे व्हिनेगर आणि मिरची पडून विंदालू झालं. त्यामुळे गोव्याच्या रेशाद मसाल्यातल्या तळलेल्या बांगड्याबरोबर ही घ्यायला हरकत नाही, अल्कोहोल कमी असल्यामुळे तिखट आणखी भडकत नाही.

बाकालाव म्हणजे खारवलेला कॉड मासा, तो क्रीम किंवा भरपूर ऑलिव्ह तेलात असेल तर मात्र साधी बाटली कमी पडते, तिथे याच मुलखातल्या मोन्सांव-मेल्गासू भागातली अल्वारिन्यो बघावी. तो भाग डोंगरांच्या आडोशाला, त्यामुळे ऊन जास्त, पाऊस कमी आणि वाईन जास्त भरदार, काही वर्षं ठेवता पण येते. साधी असेल ती ८-१० डिग्रीला गार करून त्याच वर्षात संपवावी.