पिल्लाचे दूध सुटताना : टॉरिनची गोष्ट

मांजरीचे पिल्लू आईचे दूध सोडू लागले की आपल्याकडे बहुतेक घरांत त्याच्यापुढे दूध-पोळीची बशी ठेवली जाते. अधिक हौशी मंडळी चिकन उकडतात, त्याचे पांढरे तुकडे भातात कालवून देतात आणि उकडलेले पाणी मोरीत ओतून टाकतात. दोन्हींमागे माया असते. परंतु पिल्लाच्या डोळ्यांना आणि हृदयाला अत्यावश्यक असलेले टॉरिन हे पोषकद्रव्य पहिल्या जेवणात जवळजवळ नसते आणि दुसऱ्यातले बरेचसे त्या पाण्याबरोबर वाहून जाते.

पिल्लाला तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दात येऊ लागतात, चौथ्या आठवड्यापासून ते घन अन्नाकडे वळते आणि साधारण आठव्या आठवड्यापर्यंत दूध सुटते. याच काळात दुधातील लॅक्टोज पचवणारे लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) त्याच्या आतड्यात कमी होऊ लागते, म्हणून गाईच्या दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात. जेमतेम अर्ध्या किलोच्या जिवाला एवढ्यानेही शोष पडू शकतो. मोकळ्या मांजरीची पिल्ले या वयात आईने मारून आणलेला उंदीर खाऊ लागतात. त्या उंदरात मांस, हृदय, यकृत आणि हाडे हे सारे एकत्र असते, आणि घरचे अन्न करताना आपल्याला तोच मेळ साधायचा असतो.

टॉरिन हे अमिनो आम्लांच्या कुळातले असले तरी प्रथिनांच्या साखळीत कधीच गुंफले जात नाही. ते पेशींत सुटेच राहते. जर्मन शास्त्रज्ञ टीडेमान आणि ग्मेलिन यांनी 1827 मध्ये ते बैलाच्या पित्तातून वेगळे काढले, आणि मांजराची खरी अडचणही पित्तातच आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. परंतु ही आम्ले नुसती आतड्यात सोडली तर तेथील आम्लतेत त्यांचा विद्युतभार टिकत नाही आणि ती नीट विरघळत नाहीत. म्हणून यकृत त्यांना आधी एक शेपूट जोडते. ते शेपूट ग्लायसिन या साध्या अमिनो आम्लाचे असू शकते किंवा टॉरिनचे. जोडणी झाली की भार टिकतो, रेणूचे एक टोक पाण्याला व दुसरी बाजू मेदाला धरते, आणि तेलकट भांड्यावर साबण करतो तेच काम पित्त आतड्यातील मेदावर करते. माणसाचे यकृत दोन्ही शेपटे वापरते, आणि टॉरिन कमी पडले तर ग्लायसिनवर भागवते. मांजराच्या यकृताला हा पर्याय नाही. ते फक्त टॉरिनच जोडते.

जोडलेले टॉरिन सगळे परतही येत नाही. पित्ताम्ले आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषली जाऊन पुन्हा यकृताकडे जातात, पण वाटेत जिवाणू काही शेपटे तोडतात आणि ते टॉरिन वाया जाते. ही गळती भरून काढण्यासाठी सिस्टीन या अमिनो आम्लापासून नवे टॉरिन बनवायला हवे. मात्र त्या मार्गावरील सिस्टीन सल्फिनेट डिकार्बोक्सिलेज या विकराची क्रियाशीलता मांजरात फारच कमी असते आणि उपलब्ध सिस्टीन दुसऱ्याच वाटेने जाऊन त्याचे पायरुव्हेट हे वेगळेच द्रव्य बनते. थोडक्यात, खर्च अटळ आणि उत्पन्न तुटपुंजे. पिढ्यान्‌पिढ्या ताजे मांस खाणाऱ्या प्राण्याचे यावाचून अडले नाही. अडते ते त्याचे अन्न आपण ठरवू लागल्यावर.

हेझ या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये दाखवून दिले की केसीनवर, म्हणजे दुधातल्याच प्रथिनावर, पोसलेल्या मांजरांचे दृष्टिपटल टॉरिनअभावी झिजते. ही हानी वाढली की गेलेली दृष्टी परत येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये टॉरिनची कमतरता आणि हृदय फुगून दुबळे होण्याचा आजार यांचा संबंध प्रसिद्ध केला. टॉरिन दिल्यावर ती हृदये सुधारली. त्यानंतर बाजारातील मांजरांच्या खाद्यांत टॉरिन वाढवण्यात आले. लहानपणापासून दूध-भातावर वाढवले की मांजर शाकाहारी आणि सात्त्विक होते, असे आजही मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. हा संस्कारांचा प्रश्न नाही, विकरांचा आहे. आणि त्या विश्वासाची किंमत मुके जनावर मोजते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. कोंबडीच्या छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा तंगडीच्या गडद मांसात टॉरिन कितीतरी जास्त असते, आणि हृदयही त्याने समृद्ध असते. चिकनच्या दुकानात ही हृदये बहुधा कलेजी-पेठ्याबरोबर मिळतात. तंगडीचे हाड काढलेले मांस आणि थोडी हृदये बेताच्या पाण्यात झाकण ठेवून मंद आचेवर शिजवावीत. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी न फेकता त्यातच सारे मिक्सरमधून पातळ, गुळगुळीत वाटावे. कलेजी अगदी थोडी घालावी, कारण अ जीवनसत्त्वाचा अतिरेकही हाडांना बाधतो. मीठ-मसाला नको, कांदा आणि लसूण तर कणभरही नको, कारण त्यांतील गंधकयुक्त द्रव्ये मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात.

हाडांची जागा अंड्याच्या टरफलाने भरून काढता येते. एक किलो हाडविरहित मांसात सुमारे 2 ग्रॅम फॉस्फरस असतो आणि कॅल्शियम त्याच्या विसाव्या हिश्शाइतकेच. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसइतके किंवा किंचित अधिक लागते; ते मिळाले नाही तर शरीर ते हाडांतून काढते आणि नुसत्या मांसावर वाढलेल्या पिल्लाची हाडे उडी मारतानाही मोडतात. टरफलात वजनाच्या सुमारे 38 टक्के कॅल्शियम असते. धुऊन, तव्यावर कोरडी भाजून, मैद्यासारखी बारीक दळलेली टरफलाची पूड किलोमागे 6 ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, घातली की हिशोब जमतो.

हे मिश्रण कोमट करून उथळ बशीत, दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे आणि आईचे दूध तोडू नये. स्वयंपाकघरातील काट्यावर पिल्लाचे रोज वजन करावे. दिवसाला साधारण 10 ग्रॅमची वाढ अपेक्षित असते, आणि वजन दोन दिवस अडले तर पशुवैद्याकडे जावे. ड जीवनसत्त्व, आयोडीन आणि जस्त यांची गरज या मिश्रणातून पुरेशी भागत नाही. त्यामुळे ते पिल्लांसाठीच्या तयार ओल्या खाद्याच्या जोडीने द्यावे, आणि पुढेही घरचेच अन्न चालू ठेवायचे असेल तर पशुवैद्याकडून जीवनसत्त्वे, खनिजे व टॉरिनची पूड वजनानुसार ठरवून घ्यावी.