स्वारगेटची दोन महामंडळं: पीएमपी कोणाची, एसटी कोणाची?

पुण्यात स्वारगेटला पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, गाडीत हा संवाद अजून ऐकू येतो. बाई कंडक्टरला म्हणतात, "अर्धं तिकीट द्या." कंडक्टर म्हणतो, "ताई, ते एसटीत. ही पीएमपी आहे, पूर्ण पैसे पडतील." बाई वैतागतात, कारण सवलत सरकारने दिली आणि बसही सरकारचीच, असा त्यांचा साधा हिशोब असतो. गोंधळ नेमका तिथेच आहे.

एसटी म्हणजे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ. 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखालची ही राज्याची संस्था. मुख्यालय मुंबईत. रोजचा कारभार उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालकांकडे, पुण्यात विभाग नियंत्रक, त्यांच्या हाताखाली आगार व्यवस्थापक. मार्च 2023 पासून महिलांना तिकीट निम्मं झालं ते राज्याच्या निर्णयामुळे, आणि बुडालेल्या उत्पन्नाची भरपाईही राज्यानेच करायची असते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांच्या मोफत प्रवासाचंही तेच. त्यामुळे आजोबा स्वारगेटहून साताऱ्याला फुकट जातात आणि परत येऊन कात्रजच्या बसला पैसे मोजतात.

पीएमपीची जन्मकथा वेगळी. पुणे महापालिकेची बससेवा पीएमटी आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेची पीसीएमटी 2007 मध्ये एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ झालं. नावात महामंडळ असलं तरी कागदोपत्री ही कंपनी कायद्याखालची कंपनी आहे आणि तिचे मालक दोन महापालिका: पुणे 60 टक्के, पिंपरी-चिंचवड 40 टक्के. संचलन तूट, म्हणजे तिकिटातून न भागणारा खर्च, तोही याच प्रमाणात वाटला जातो. महिलांना निम्मं तिकीट द्यायचं तर तो भार उचलणार कोण, याचं उत्तर आधी महापालिकांच्या अंदाजपत्रकात शोधावं लागतं.

कंपनीचा प्रमुख, म्हणजे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, हा मात्र राज्य सरकारने पाठवलेला सनदी अधिकारी. पैसा महापालिकांचा, बदलीचा आदेश मंत्रालयाचा! माझ्या मते पीएमपीची निम्मी दुखणी इथली आहेत. साहेबांना मार्ग कळायला लागतात तोवर बदली होते. संचालक मंडळात दोन्ही महापौर, स्थायी समितीचे अध्यक्ष आणि आयुक्त बसावेत अशी रचना आहे. पण मार्च 2022 मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा लोकांनी निवडलेल्यांच्या खुर्च्याच रिकाम्या झाल्या. अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांना प्रश्न विचारायचे, असा तो काळ.

भाडेवाढ दोघांनाही परस्पर करता येत नाही, परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते. 2025 मध्ये दोघांनीही भाडं वाढवलं: जानेवारीत एसटीने 14.95 टक्के, जूनमध्ये पीएमपीने किमान तिकीट 5 वरून 10 रुपयांवर नेलं. लोकांनी दोन्ही वेळा एकाच 'सरकार'ला शिव्या घातल्या.

गाडीच्या रंगावरून मालक ओळखायला जाऊ नका. दोघांकडेही भाडेतत्त्वावरच्या इलेक्ट्रिक बस आहेत. पीएमपीत तर अशा गाडीचा ड्रायव्हर ठेकेदाराचा, कंडक्टर महामंडळाचा आणि ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर. ड्रायव्हरने थांब्यावर गाडी उभी केली नाही तर कंडक्टरशी भांडून उपयोग नसतो. गाडीचा क्रमांक, मार्ग आणि वेळ टिपून पीएमपीकडे तक्रार करायची, आणि हलत नसेल तर आपल्या नगरसेवकाला गाठायचं. एसटीच्या तक्रारीत नगरसेवक काही करू शकत नाही. तिथे आगार व्यवस्थापक, मग विभाग नियंत्रक, आणि फारच झालं तर आमदार.

मालक कोण हे सगळ्यांत पक्कं माहीत असतं ते कामगारांना. पीएमपीवाले वेतन आयोग मागताना महापालिकेच्या कर्मचाऱ्यांकडे बोट दाखवतात. एसटीवाले 2021-22 मध्ये कित्येक महिने संपावर होते, आणि त्यांची मुख्य मागणी होती राज्य सरकारात विलीनीकरणाची. म्हणजे ज्यांना आपण बिनदिक्कत सरकारी नोकर म्हणतो, ते तेव्हाही सरकारी नव्हते आणि ती मागणी मान्य न झाल्याने आजही नाहीत.