उरणचा बाजार, मुंबईचा धक्का

उरणला लोकल आली 12 जानेवारी 2024 रोजी. अटल सेतूचं उद्घाटनही त्याच दिवशी झालं. पूर्वी रात्री समोर मुंबईचे दिवे लुकलुकायचे, पण त्या मुंबईची गाडी धरायची तर आधी समुद्र ओलांडायला लागायचा. 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, त्याआधी तर रस्त्याने जायचं म्हणजे पनवेल, ठाणे असा मोठा वळसा. म्हणून मोऱ्याहून, म्हणजे उरणच्या मोरा बंदरातून, लाँच धरायची आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं. फेरी वार्फ हे सरकारी नाव कुणाच्या तोंडी नसायचं. एकोणिसाव्या शतकात मूळ धक्का बांधणारे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य म्हणजे 'भाऊ', त्यांचंच नाव टिकलं.

धक्क्यावरून चालत डॉकयार्ड रोड, तिथून हार्बरची गाडी. सँडहर्स्ट रोड सोडलं की मशीद. देशातली पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी धावली ती याच मार्गावर, व्हीटी ते कुर्ला. आम्हाला त्याचं काय! आमचं सगळं लक्ष खिडकीच्या जागेकडे, आणि आपण बसेपर्यंत मशीद येई.

मशीदला सुकामेवा आणि मसाले, मंगलदास मार्केटला कापड. घरात लग्न असलं तर बस्ता तिथेच, मग दोघं-तिघं जास्तीचे न्यायचे, गाठोडी उचलायला. आमची मोठी फेरी मे महिन्यात: दप्तर, छत्री, शाळेच्या गणवेशाचं कापड. आषाढात आजी कुणाला पाण्यावर पाऊल ठेवू द्यायची नाही. 17 जुलै 1947 ला, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आजी एवढंच म्हणायची, "ते बघितलंय आम्ही."

दिवस ठरायचा तिथीवर. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी सहाला पक्की सुकती, आणि मोऱ्याला गाळ. लाँच धक्क्याला लागायची नाही. एकदा आमचा हिशेब चुकला. लांबच थांबलेल्या लाँचवरून होडीत उतरायचं. खलाशी एका हाताने माणूस आणि दुसऱ्या हाताने गाठोडं खाली सोडत होता. आईने नवी छत्री बगलेत घट्ट धरलेली, आणि माझा एक नवा बूट गेला तो गेलाच. घरी पोचेपर्यंत कुणी त्याबद्दल बोललं नाही. नंतर मात्र भरपूर बोलले.

आता उरणहून गाडी आहे, पण मशीदला जायचं तर नेरूळला बदलायला लागते. मोऱ्याची लाँच अजून चालते आणि तीच बरी म्हणणारी मंडळी आमच्याकडे आहेत. भरती असेल तर.