नगावर मजुरीचे तोटे

दिवसाचा रोज न ठरवता झालेल्या कामाच्या मापावर पैसे देण्याच्या पद्धतीत विडीला हजारामागे, विटांना हजारामागे, ऊसतोडणीला टनामागे मजुरी मिळते. ‘काम तितका दाम’ हा हिशेब कानाला सरळ वाटतो. मात्र मजुराच्या हाती नसलेल्या गोष्टींचा भुर्दंडही त्यामुळे मजुरावरच पडतो आणि बाकीचे बहुतेक तोटे यातूनच निघतात.

ऊसतोडणीत हे उघड दिसते. बीड आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून (मजूर पुरवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती टनांनी फेडायची असते. ऊस उभा आहे की वाऱ्याने लोळलेला, फडात गाडी शिरते की मोळ्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत न्याव्या लागतात, ट्रक संध्याकाळी येतो की मध्यरात्री, यातले काहीच तोडणाऱ्याच्या हाती नसते. पाऊस पडून फडात चिखल झाला किंवा कारखान्याचे गाळप थांबले, तरी खाणारी तोंडे तेवढीच राहतात. वजन कारखान्याच्या काट्यावर होते. तोडलेला ऊस तिथे पोचेपर्यंत ताटकळला तर वाळून हलका होतो. वाट पाहण्याचे तास मात्र कोणत्याच काट्यावर चढत नाहीत. हंगाम संपताना उचल फिटली नसेल, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते.

मापावर पैसे मिळू लागले की माणूस स्वतःलाच दामटतो. मजुरी चांगली असली तरी नगावर काम करणारे अतिश्रमाने काही वर्षांतच प्रकृती बिघडवून घेतात, असे अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्येच नोंदवले होते. लंडनचा सुतार आठ वर्षांपलीकडे पुऱ्या जोमात राहत नाही, ही समजूत त्याने उदाहरणादाखल दिली. ऊसतोडीत त्यावर ‘खाडा’ येतो: दोघांपैकी एक गैरहजर राहिला तर टन बुडतातच, वर दंडही कापला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढल्याचे 2019 मध्ये गाजले आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यात खासगी दवाखान्यांचा वाटा होता, तसा मासिक पाळीत खाडा पडण्याच्या धास्तीचाही होता. कोयत्याचा हिशेब जोडप्याचा, त्यामुळे बाईची मजुरी वेगळी दिसतही नाही.

नग कोणाच्या हातून झाला, हे माप विचारत नाही. म्हणून विडीकामात पाने कातरायला घरातल्या मुली बसतात आणि फडावर मोळ्या बांधायला पोरे लागतात. विडीत आणखी एक कळीची गोष्ट आहे. पान आणि तंबाखू वजनाने मिळते आणि त्यातून ठरलेल्या विड्या भरून द्याव्या लागतात. पान फाटके निघाले तर कमी पडणारे पान बाई पदरच्या पैशाने आणते. तयार मालातून ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा वाद निराळाच.

काम देणाराही सुटत नाही. घाईत ऊस जमिनीलगत न तोडता वर तोडला, तर साखरेने भरलेला बुडखा शेतातच राहतो आणि खोडवाही (त्याच बुडख्यातून येणारे पुढचे पीक) नीट फुटत नाही. शिवाय पाचट (उसाची वाळलेली पाने) गाडीत जाते. नीट तोडा म्हणून शेतकरी टोळीला वर ‘खुशाली’ देतो, म्हणजे दर्जासाठी वेगळे पैसे मोजतो.

नगावर काम असले तरी किमान वेतनाखाली जाता येत नाही, ही तरतूद 1948 च्या किमान वेतन कायद्यात होती. पण त्यासाठी तास मोजावे लागतात, आणि घरी वळलेल्या विडीचे किंवा पहाटे चारला सुरू झालेल्या तोडणीचे हजेरीपत्रक सहसा नसते. संप होतात, बोलणी होतात, ती दराभोवतीच फिरतात: 2024 च्या जानेवारीत तोडणी दरात 34 टक्के वाढ ठरली, ती टनामागेच.