कात्रीला दोन पाती लागतात

चंद्रावर हवा नाही, त्यामुळे उघड्यावर पाणी टिकत नाही. त्याची वाफ होते आणि ती अवकाशात निसटते. ध्रुवांजवळच्या कायम अंधाऱ्या विवरांत बर्फ तग धरून राहतो, पण उन्हातल्या मातीत पाणी शोधायचं तर तिच्यात अडकलेले रेणू हुडकावे लागतात, आणि तेही लांबून, मातीकडून येणाऱ्या प्रकाशात.

पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि आखडतो. त्यासाठी लागणारी ऊर्जा तो सुमारे 3 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशातून घेतो. परतलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात नेमका तिथे खळगा पडतो. चांद्रयान-1 वरच्या ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ या नासाच्या उपकरणाने टिपलेला हा खळगा 2009 मध्ये जाहीर झाला.

पण तेवढ्यावर पाणी सिद्ध होत नव्हतं. सौरवाऱ्यातले, म्हणजे सूर्याकडून वाहत येणाऱ्या कणांतले, प्रोटॉन (हायड्रोजनची केंद्रकं) मातीतल्या ऑक्सिजनशी जोडले गेले की हायड्रॉक्सिल बनतं: एक ऑक्सिजन, एकच हायड्रोजन. त्यातही तोच बंध असतो, म्हणून खळगाही जवळपास त्याच जागी. दोघांना वेगळं ओळखायचं कसं?

याचं उत्तर मला या साऱ्या शोधातला सर्वांत देखणा भाग वाटतं. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनला धरून असलेले दोन हायड्रोजन कात्रीच्या पात्यांसारखे जवळ येतात, लांब जातात. हायड्रॉक्सिलकडे एकच पातं! त्याला ही हालचाल करताच येत नाही. तिची खूण 6 मायक्रॉनच्या आसपास उमटते, आणि ती दिसली की हायड्रॉक्सिलची शंका उरत नाही.

जमिनीवरच्या दुर्बिणींना मात्र ही खूण दिसत नाही, कारण आपल्याच हवेतलं बाष्प तो प्रकाश गिळून टाकतं. म्हणून कामी आली ‘सोफिया’, म्हणजे बोईंग 747 विमानात बसवलेली 2.7 मीटरची दुर्बीण. हवेतल्या 99 टक्के बाष्पाच्या वर जाऊन तिने ऑगस्ट 2018 मध्ये चंद्रावरचं क्लेव्हियस विवर न्याहाळलं. भर उन्हातल्या त्या भागात 6.1 मायक्रॉनची खूण सापडली. प्रमाण दर दहा लाख भागांत 100 ते 412 भाग. सहारा वाळवंटातही याच्या शंभरपट पाणी असतं. एवढ्या उन्हात ते टिकलं, ते बहुधा सूक्ष्म उल्कांच्या आघातांनी बनलेल्या काचेच्या कणांत कोंडलं गेल्यामुळे.

सोफियाचं शेवटचं उड्डाण सप्टेंबर 2022 मध्ये झालं. पण तिच्याच नोंदींतून 2024 मध्ये आयरिस आणि मसालिया या दोन लघुग्रहांवरही हीच खूण मिळाली. पार्थेनोपी आणि मेल्पोमेनी या लघुग्रहांच्या नोंदींत मात्र गोंगाट, म्हणजे नको असलेल्या संकेतांची भेसळ, इतका होता, की निष्कर्ष काढता आला नाही.