दीर्घिकेच्या फोटोतले रंग ‘भरलेले’ असतात का?

“दुर्बिणीतून सर्पिल दीर्घिका राखाडीच दिसते, फोटोतले निळे-गुलाबी रंग कॉम्प्युटरवर भरतात,” असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातला पहिला भाग खरा आहे, म्हणूनच दुसराही पटतो.

अंधुक उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळजवळ गप्प असतात. दंडपेशींना उजेड कळतो, रंग नाही. शिवाय डोळा प्रकाश साठवत नाही. कॅमेरा मिनिट-दोन मिनिटं साठवतो, आणि असे शंभरेक फोटो एकावर एक रचले की नॉइज (फोटोतला दाणेदार खरखरीतपणा) दबून नोंदलेला रंग वर येतो. दीर्घिकेच्या वळणदार भुजांतला निळा रंग तरुण, तप्त ताऱ्यांचा, गाभ्यातला पिवळसर जुन्या ताऱ्यांचा. गुलाबी ठिपके हायड्रोजन वायूचे. त्याचा ठळक लाल प्रकाश 656 नॅनोमीटर तरंगलांबीचा.

पडताळायला दीर्घिकाही नको. पौर्णिमेच्या रात्री कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून 20-30 सेकंदांचा फोटो काढा. डोळ्यांना करडं दिसलेलं गवत त्यात हिरवं येतं.

सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, मात्र हौशी मंडळी वाढवतात, कधी जरा जास्तच (मीही त्यातलाच). शंका आली तर सॅच्युरेशनला हात न लावलेली फाइल मागून घ्या. रंग फिके असतील, पण गाभा आणि भुजा वेगळ्या ओळखू येतील.