मेनफ्रेमचा सातबारा

मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या संस्थांचे अवाढव्य संगणक, आता संपले, असं कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांकडून सारखं ऐकू येतं. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केलं. त्याच घराण्यातली यंत्रं आजही मोठमोठ्या बँकांचे हिशेब सांभाळतात. दुसरा गैरसमज याहून पक्का: जुन्या फाइलवर नवी फाइल टाकली की झाला अपडेट. मेनफ्रेमच्या झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर असं चालत नाही.

तिथे दुरुस्ती 'पीटीएफ' नावाच्या गठ्ठ्यातून येते. त्यात बदललेली मॉड्यूल्स, म्हणजे प्रोग्रॅमचे तुकडे, असतात आणि सोबत सूचनांच्या ओळी. आधी कोणता पीटीएफ बसलेला हवा ते 'प्री' सांगतं, कोणाची जागा हा गठ्ठा घेतो ते 'सुप' सांगतं. या ओळी वाचून काम करतो तो एसएमपी/ई, म्हणजे दुरुस्त्या बसवणारा प्रोग्रॅम. रिसीव्ह केलं की गठ्ठा नोंदवला जातो, अप्लाय केलं की चालू लायब्ररीत बसतो.

मला सगळ्यात आवडतो तो त्याचा पहारा. मॉड्यूल बहुधा अख्खंच बदललं जातं. समजा, एखाद्या बँकेने आपल्या सोयीसाठी एक मॉड्यूल स्वतःच बदललं आणि तो बदल एसएमपी/ईमधूनच बसवला. आयबीएमला याचा पत्ताही नाही. पुढे त्याच मॉड्यूलचा पीटीएफ आला आणि तसाच बसला, तर बँकेचा बदल मुकाट्याने पुसला जाईल, कुठे एररही दिसणार नाही. पण एसएमपी/ईकडे सीएसआय नावाचं दप्तर असतं. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतो, तसा तिथे प्रत्येक मॉड्यूलपुढे आरएमआयडी असतो: हे शेवटचं कोणी बदललं. हा आरएमआयडी नव्या पीटीएफच्या प्री किंवा सुपमध्ये नसेल, तर अप्लाय तिथेच अडतं. मुद्दाम बायपास दिला तरच पुढे सरकतं.

पाठवलेला पीटीएफच सदोष निघाला, तर त्याच्यावर एरर होल्ड, म्हणजे बसवायला मनाई, लागतो. म्हणून अमावास्या टाळून अपडेट ठेवण्यात काही अर्थ नाही. अशा होल्डची यादी, म्हणजे होल्डडेटा, ताजा आहे का ते पाहावं, आणि आधी 'अप्लाय चेक' चालवावं. त्यात लायब्ररीला हात न लावता सगळी तपासणी होते.

शेवटची पायरी ॲक्सेप्ट. तोवर मूळ प्रत डिस्ट्रिब्यूशन लायब्ररीत जशीच्या तशी असते, आणि गडबड झाली तर रिस्टोर तिथूनच जुनं मॉड्यूल परत आणतं. ॲक्सेप्ट केलं की त्या प्रतीवरही नवं मॉड्यूल चढतं, मग रिस्टोरने मागे येता येत नाही. त्यामुळे नवा पीटीएफ प्रत्यक्ष कामात नीट चालल्याची खात्री होईपर्यंत जाणती माणसं ॲक्सेप्ट करत नाहीत.